हॉवर्डचा हिशेब

आमच्या गावच्या ग्रामसभेत गेल्या वर्षी एक गृहस्थ उठून उभे राहिले आणि त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. नवी पाण्याची टाकी होणार आहे ती गावठाणासाठी की प्लॉटवाल्यांसाठी? प्रश्न सरपंचांना होता, पण सगळ्या माना वळल्या त्या माझ्याकडे. कारण मी प्लॉटवाला. नोकरीत असताना पोटाला चिमटा घेऊन चार गुंठे घेऊन ठेवले होते, निवृत्तीनंतर त्यावर लहानसे घर बांधले आणि शहर सोडून इथे राहायला आलो.

जागा घेतली तेव्हा तिथवर बैलगाडीची वाट होती. पुढे ग्रामपंचायतीने रस्ता केला, विजेचे खांब आले, शाळेला दोन खोल्या वाढल्या, एस.टी. थांबू लागली. यातले मी काहीच केले नव्हते. माझ्या चार गुंठ्यांचा भाव मात्र मी झोपेत असताना वाढत होता. आणि ज्यांनी ती जमीन मला विकली, त्यांच्या घरातली माणसे त्याच सभेत मागे भिंतीला टेकून बसली होती.

घरी आल्यावर जेवताना बायकोने विचारले, आज इतके गप्प का? मी म्हणालो, हॉवर्ड आठवला. तिने पानात आमटी वाढली आणि पुढे काही विचारले नाही. पस्तीस वर्षे ती एका नगररचनावाल्याबरोबर संसार करते आहे.

एबेनेझर हॉवर्ड हे नाव आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असते. मी आरेखक म्हणून नोकरीला लागलो तेव्हा परीक्षेच्या पुस्तकात त्याची एक आकृती होती. तीन लोहचुंबक, एक शहराचा, एक खेड्याचा आणि तिसरा दोन्हींचे गुण एकत्र केलेल्या वस्तीचा. मध्ये माणसे, कुठे ओढली जाणार या विचारात. ती आकृती मी शाईने इतक्यांदा काढली असेल की डोळे मिटून काढता येईल. उद्याननगरीचा जनक हॉवर्ड, एवढे लिहिले की दोन गुण मिळत. उद्याननगरी म्हणजे झाडे, हिरवळ, टुमदार घरे. परीक्षा संपली आणि हॉवर्डही संपला. त्याचे मूळ पुस्तक मी वाचले ते पेन्शनीत निघाल्यावर. तेव्हा कळले की त्यात झाडांपेक्षा आकडेमोड जास्त आहे.

हा माणूस ना वास्तुशिल्पी होता, ना इंजिनियर. २९ जानेवारी १८५० रोजी लंडनच्या अगदी मध्यवस्तीत त्याचा जन्म झाला. वडिलांचे मिठाई-बेकरीचे दुकान. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा शेअर दलालाच्या कचेरीत कारकून झाला. शॉर्टहँड तो स्वतःच शिकला आणि जन्मभर त्याच लघुलेखनावर पोट भरले. एकविसाव्या वर्षी मात्र त्याच्या डोक्यात शेतीचे वेड शिरले आणि दोन मित्रांबरोबर तो अमेरिकेत नेब्रास्काला गेला. सरकार माळरान फुकट देत होते. लंडनच्या या कारकुनाने मका लावला, बटाटे लावले, काकड्या-कलिंगडे लावली. एक हिवाळा काढला आणि सगळे बुडाले. शेतमालक म्हणून गेलेला हॉवर्ड काही दिवस आपल्याच मित्राच्या शेतावर मजूर होता. मग हातचा धंदा आठवला आणि तो शिकागोला जाऊन कोर्टात लघुलेखक झाला.

शिकागो १८७१ च्या ऑक्टोबरात आगीत भस्मसात झाले होते. हॉवर्ड तिथे पोहोचला तेव्हा नवे शहर उभे राहत होते. त्या शहराला आगीपूर्वी उद्याननगरी असेच टोपणनाव होते. हॉवर्डने पुढे ते तिथून उचलले का, यावर विद्वानांत वाद आहे. त्याने स्वतः ते नाकारले. १८७६ मध्ये तो लंडनला परतला आणि पार्लमेंटच्या कामकाजाची अधिकृत टिपणे घेणाऱ्या संस्थेत लागला. म्हणजे देशाचे पुढारी घरे, गलिच्छ वस्त्या, शेतीची दुर्दशा यांवर काय बोलतात, ते शब्दन्‌शब्द टिपून घेण्याचे काम. तीच भाषणे, तेच ठराव. इतकी वर्षे ऐकल्यावर एखाद्याला झोपच लागली असती.

ते दिवस इंग्लंडच्या खेड्यांना वाईट होते. अमेरिकेतून जहाजे भरभरून स्वस्त धान्य येत होते आणि इंग्रज शेतकऱ्याला पीक परवडेनासे झाले होते. खेडी ओस पडत होती, जमिनीचे भाव उतरले होते, आणि माणसे लंडनच्या एकेका खोलीत कोंबली जात होती. तिथे भाडे मात्र चढतच होते. शेतीत हात पोळून घेतलेला आणि लंडनच्या भाड्याच्या घरात चार मुले वाढवणारा हॉवर्ड या दोन्ही टोकांना ओळखत होता. १८७९ मध्ये त्याने एलिझा बिल्सशी लग्न केले. पगार बेताचा, आणि त्यातला बराचसा यंत्राच्या नादात जाई. टाइपरायटरमध्ये सुधारणा करण्याचे त्याला वेड होते. शॉर्टहँड थेट टाइप करणारे यंत्र तो म्हातारपणापर्यंत घडवत राहिला. एलिझाबाईंनी हे कसे निभावले असेल, याची कल्पना कुठल्याही कारकुनाच्या बायकोला करता येईल.

एडवर्ड बेलामी या अमेरिकन लेखकाची भविष्यातल्या समाजावरची कादंबरी त्याच्या हाती पडली आणि विचारांना चालना मिळाली. दहा वर्षे तो लिहीत, खोडत, मित्रांना वाचून दाखवत राहिला. प्रकाशक मिळेना. अखेर एका अमेरिकन मित्राने पन्नास पौंड उसने दिले आणि १८९८ मध्ये पुस्तक निघाले. नाव होते 'टुमॉरो : अ पीसफुल पाथ टू रिअल रिफॉर्म'. १९०२ च्या आवृत्तीत ते 'गार्डन सिटीज ऑफ टुमॉरो' झाले. माझ्या मते इथेच घोटाळा झाला. पहिल्या नावात सुधारणा होती, दुसऱ्यात बाग आली आणि जगाने बाग तेवढी घेतली.

पुस्तकातला हिशेब तिसरी-चौथीतल्या मुलाला कळेल असा आहे. समजा, सहा हजार एकर शेतजमीन एकरी चाळीस पौंडांनी घेतली. झाले दोन लाख चाळीस हजार पौंड. ही रक्कम चार टक्के व्याजाने उभी करायची, म्हणजे वर्षाचे व्याज ९,६०० पौंड. या जमिनीवर आधी हजारभर माणसे राहतात आणि मालकांना सारे मिळून साडेसहा हजार पौंड खंड देतात. आता त्यातल्या एक हजार एकरांत नगर वसवा आणि पाच हजार एकर शेतीला राखा. नगरात तीस हजार माणसे, शेतीवर दोन हजार. प्रत्येकाने भाडे आणि कर मिळून वर्षाला दोन पौंड दिले तरी चौसष्ट हजार पौंड झाले. लंडनमध्ये माणसाला याहून जास्त पडत होते. चौसष्ट हजारांतून व्याजाचे ९,६०० गेले, मुद्दल फेडायला ४,४०० बाजूला ठेवले. उरले पन्नास हजार. रस्ते, शाळा, बागा, पाणी सगळे त्यातून. कर्ज फिटल्यावर तर म्हाताऱ्यांना पेन्शनसुद्धा.

हा पैसा आला कुठून? जमीन तीच आहे, माती तीच आहे. माणसे राहायला आली म्हणून तिची किंमत वाढली. मग ती वाढ त्या माणसांची, एवढेच हॉवर्डचे म्हणणे. म्हणून जमीन कुणा एकाच्या नावावर नको. विश्वस्तांच्या नावावर, सगळ्या वस्तीसाठी. घर बांधणाऱ्याने जागा भाडेपट्ट्याने घ्यायची आणि भाड्याची फेरआकारणी ठरावीक काळाने व्हायची. कारभार लोकांनी निवडलेल्या मंडळाकडे. दारूचे दुकान असावे की नसावे, तेही तिथल्या लोकांनीच ठरवायचे.

वाढीविषयीचा त्याचा नियम मला सर्वांत आवडतो. नगर भरले की थांबायचे. भोवतालच्या शेतीवर घर चढवायचे नाही. आणखी माणसे यायची असतील तर शेतीचा पट्टा ओलांडून पलीकडे दुसरे नगर वसवायचे आणि दोन्हींमध्ये रेल्वे टाकायची. आमच्याकडे गाव वाढते ते गुळाच्या ढेपेला मुंगळे डसावेत तसे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना. शेतकऱ्यालाही यात लाभ होता. गिऱ्हाईक बांधापाशी आल्यावर भाजी-दूध लांबच्या बाजारात कशाला न्यायचे?

समाजवाद्यांनी टर उडवली, व्यवहारी लोकांनी स्वप्नाळू म्हणून सोडून दिले. दिसायला हॉवर्ड अगदी सामान्य होता. ठेंगणा, टक्कल पडलेला, झुबकेदार मिशा, अंगावर जुना कोट. पण आवाज चांगला होता आणि चिकाटी अफाट. १८९९ मध्ये त्याने संघटना काढली, राल्फ नेव्हिल नावाचा नामवंत वकील तिला मिळाला, आणि चार वर्षांत हर्टफर्डशायरमधली ३,८१८ एकर जमीन दीड लाखांवर पौंडांना घेतली गेली. जमीन पंधरा मालकांची. बोभाटा झाला असता तर भाव कडाडले असते, म्हणून व्यवहार गुपचूप झाला. त्यात लेचवर्थ, विलियन आणि नॉर्टन ही तीन खेडी होती, वस्ती सारी मिळून चारशेच्या आसपास. त्यांना विचारण्याचा प्रश्नच आला नाही. लोकांच्या कारभाराचा एवढा पुरस्कर्ता, पण सुरुवात अशी झाली, हे नमूद केले पाहिजे. ९ ऑक्टोबर १९०३ रोजी उद्घाटन झाले. त्या दिवशी धो धो पाऊस होता आणि बडे पाहुणे चिखल तुडवत मांडवापर्यंत आले.

तडजोडी लगेच सुरू झाल्या. जमीन घेतली होती कंपनीने. नफ्याला पाच टक्क्यांची मर्यादा, त्यावरचे सारे नगराचे, असा तिचा नियम. पण संचालक होते कारखानदार आणि वकील. दर काही वर्षांनी भाडे बदलणार म्हटल्यावर इथे कोण कारखाना घालणार, असे त्यांचे म्हणणे पडले. अखेर नव्व्याण्णव वर्षांचे ठरीव भाड्याचे पट्टे दिले गेले. म्हणजे जमिनीचा भाव वाढला तरी नगराच्या तिजोरीत शंभर वर्षे तोच आकडा यायचा. हॉवर्डच्या हिशेबाची कळच निघून गेली. कारभार लोकांच्या हाती द्यायचा तो मुद्दाही मागे पडला. रहिवाशांनी रहायचे, निर्णय कंपनीने घ्यायचे. हॉवर्ड संचालक होता, पण त्याचे चालत नसे. त्याने भांडण केले नाही, राजीनामाही दिला नाही. हे बरोबर की चूक, यावर माझे मत दर चार महिन्यांनी बदलते.

नगर मात्र उभे राहिले. रेमंड अन्विन आणि बॅरी पार्कर यांनी आराखडा केला. १९०५ मध्ये दीडशे पौंडांत बांधता येणाऱ्या घरांचे प्रदर्शन भरले आणि लंडनहून लोक गाड्या भरून आले. काही नुसती इथली माणसे बघायला येत. पायात सँडल घालणारे, मांसाहार न करणारे, उघड्यावर झोपणारे हौशी लोक तिथे जमले होते. दारूवर मतदान झाले आणि लोकांनी नको म्हटले. १९०७ मध्ये निघालेल्या 'स्किटल्स इन' या पबमध्ये दारू सोडून सगळे मिळे. त्याच वर्षी केंब्रिजच्या एस्परँतो संमेलनाचे पाहुणे आले तेव्हा हॉवर्डने त्यांच्यापुढे त्याच भाषेत भाषण ठोकले. इकडे गरीब मजुराला दीडशे पौंडांच्या घराचे भाडेही झेपत नव्हते. असे पुष्कळजण शेजारच्या हिचिन आणि बाल्डॉकमध्ये राहून कामाला तेवढे लेचवर्थला येत.

एलिझाबाई हे बघायला राहिल्या नाहीत. पंचवीस वर्षे भाड्याच्या घरांत संसार केला, नवऱ्याच्या पुस्तकाची हस्तलिखिते सांभाळली, आणि लेचवर्थच्या घरात राहायला जायच्या सुमारास, १९०४ च्या नोव्हेंबरात त्या गेल्या. नगरात वर्गणी काढून त्यांच्या नावाने सभागृह बांधले. लेचवर्थमधली ती पहिली सार्वजनिक इमारत.

मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो तेव्हा मी ते पाहिले आहे. किंग्ज क्रॉसहून आगगाडीने लेचवर्थला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. सभागृह साधेच आहे, उतरत्या छपराचे. मी फोटो काढायला लागलो तेव्हा एका आजीबाईंनी विचारले, इथे कुणी ओळखीचे आहे का? मी म्हटले, हो, जुनी ओळख आहे. पुढे रुंद ब्रॉडवेच्या टोकाला एक वाहतुकीचे वर्तुळ आहे. १९०९ च्या सुमाराचे, देशातले पहिले म्हणून तिथे पाटी लावली आहे. नगर संपते तिथे शेत सुरू होते, मधे काही नाही. नॉर्टनचे जुने चर्च आणि त्यापलीकडे गव्हाचे रान. माझ्यासारख्या आरेखकाला नकाशावरची हिरवी रेघ जमिनीवर खरोखर दिसणे हा प्रसंग नवा होता. आम्ही अशा रेघा काढल्या आणि त्या पुसल्या गेलेल्याही पाहिल्या.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा हॉवर्ड अडुसष्ट वर्षांचा होता. त्याचे तरुण सहकारी सरकारने अशी शंभर नगरे बांधावीत म्हणून पत्रके काढत होते. हॉवर्डचा सरकारवर भरवसा नव्हता. पार्लमेंटमधली भाषणे त्याने उगाच टिपली नव्हती. ३० मे १९१९ रोजी लंडनच्या उत्तरेला वेल्विनजवळच्या एका जहागिरीच्या जमिनीचा लिलाव होता. मित्रांकडून अनामतीपुरते पैसे उसने घेऊन हॉवर्ड तिथे गेला आणि १,४५८ एकर जमीन ५१ हजार पौंडांना बोलून बसला. अनामत थोडी कमी पडली, तीही त्याच्या बाजूने बोली लावणाऱ्या दलालाने जागच्या जागी दिली. उरलेली रक्कम कुठून आणायची हे ठाऊक नव्हते. मित्रांनी कपाळाला हात लावला आणि मग धावपळ करून १९२० मध्ये कंपनी उभी केली. असा माणूस घरात असला तर घरच्यांनी काय करावे, हा प्रश्न मला पडतो. पण मित्रांच्या पत्रकांना सरकारकडून उत्तर येण्याआधी वेल्विनचे नगर सुरू झाले, हेही खरे.

तिथेच तो राहायला गेला. १९२७ मध्ये सर ही पदवी मिळाली आणि १ मे १९२८ रोजी तो वारला. गाठीला फारसे काही नव्हते. दोन नगरांच्या जमिनीची किंमत त्याच्यामुळे कितीतरी पटींनी वाढली, त्यातले त्याने स्वतःसाठी काही घेतले नाही.

पुढची हकीकत त्याला आवडली नसती. वेल्विनच्या कंपनीने १९३४ मध्ये नफ्यावरची मर्यादा काढून टाकली. १९४८ मध्ये सरकारने ते नगर ताब्यात घेतले आणि नंतर त्याची दुकाने-कचेऱ्या यथावकाश विकल्या गेल्या. तिथे स्टेशनालगत १९९० मध्ये एक मोठे बाजारसंकुल झाले. त्याला नाव दिले हॉवर्डचे.

लेचवर्थवर वेळ आली ती १९६० मध्ये. नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्यांची मुदत नजरेच्या टप्प्यात येत होती. मुदत संपली की जमिनीचे सारे वाढीव मोल मालकाच्या पदरात पडणार, हे लंडनच्या एका कंपनीने बरोबर हेरले आणि भाग विकत घेऊन ताबा मिळवला. तेव्हा रहिवासी जागे झाले. तिथल्या नगर परिषदेने पार्लमेंटकडे धाव घेतली, १९६२ मध्ये खास कायदा झाला आणि पुढच्या वर्षी जमीन सार्वजनिक महामंडळाकडे आली. १९९५ मध्ये ती एका न्यासाकडे गेली. जागांच्या भाड्याचे पैसे नगरातच खर्चायचे, हा त्याचा नियम आहे. ज्या पट्ट्यांनी हॉवर्डचा हिशेब मोडला, त्यांच्याच मुदतीने तो उशिरा का होईना, थोडासा जुळवून आणला.

आपल्याकडे हा विचार अगदीच परका नाही. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा. पॅट्रिक गेडिस तेव्हा इकडच्या गावांतून हिंडत होते, पुढे १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्या कायद्यात जमिनीच्या वाढीव किमतीचा निम्म्यापर्यंत हिस्सा योजनेच्या खर्चासाठी घेण्याची तरतूद होती आणि १९६६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यातही ती आली. मूळ भूखंड, अंतिम भूखंड, वाढीव किंमत यांचे रकाने मी स्वतः आखले आहेत. पण त्यासाठी रीतसर योजना व्हावी लागते. आमच्या गावात तशी योजना कधीच नव्हती. गट नंबर पडले, सातबारा फुटले, एन.ए. झाले, गुंठे विकले गेले. गावाला मिळाली घरपट्टी आणि टँकरचे बिल.

त्या सभेनंतर महिनाभराने मी ग्रामसेवकांकडून आकडे मागून घेतले आणि फुलस्केप कागदावर हॉवर्डच्या पद्धतीने मांडले. माझा प्लॉट त्यात पहिल्या ओळीत आहे, घेतल्याचा भाव आणि आजचा भाव. प्लॉटवाल्यांनी दर गुंठ्यामागे वर्षाला किती दिले तर टाकी किती वर्षांत होते, तेही काढले आहे. ज्यांनी प्रश्न विचारला होता त्यांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारले, बाकीचे प्लॉटवाले ऐकतील? मी म्हटले, माहीत नाही. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

पुढची ग्रामसभा १ मे ला, महाराष्ट्रदिनी आहे. विषयपत्रिकेत टाकी चौथ्या क्रमांकावर आहे.